सोळाशेचं इंजिन

४ जानेवारी

मामा, नमस्कार.

फोन केला की तुम्ही "कोण? कोण बोलतंय?" करत बसता, आणि शेवटी मामी येऊन "नंतर कर गं" म्हणते. म्हणून पत्र. कानांनी संप केला असला तरी डोळे कामावर आहेत ना, तेवढ्यावर माझं भागेल.

घोडं असं अडलंय. माझ्या गाडीचं हजार सीसीचं इंजिन डिसेंबरच्या शर्यतीत आटोपलं. गाडी तीच, लोक भाजी आणायला घेतात तसली पाच दारांची डबडी, फक्त मागची सीट काढून आत लोखंडी पिंजरा बसवलेली. पंधरा मार्चला, रविवारी, क्लबची शर्यत आहे. वीस फेऱ्या. सगळे माझ्यासारखेच हौशे-नवशे, पण यंदा मला पहिल्या तिनात यायचंय. सहा वर्षं झाली, सातवी-आठवी येऊन कंटाळा आला.

आता इंजिन कुठलं टाकू ते सांगा. जुनंच पुन्हा बांधता येईल. नाहीतर याच कंपनीच्या डिकीवाल्या गाडीतलं तेराशेचं मिळतंय. आणि गावाबाहेरच्या भंगारवाल्याकडे एक सोळाशेचं पडलंय, ते बघून माझा जीव त्याच्यावर जडलाय. वजनकाटे तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, तेव्हा तिन्ही काट्यावर घातलीच. हजाराचं बहात्तर किलो, तेराशे शहाऐंशी, सोळाशे एकशे आठ.

दादाच्या गाडीतही तुम्ही सोळाशेच टाकलं होतं, हे मला आठवतं. त्याच्याबद्दल बोलायचं नसेल तर नका बोलू. इंजिनाबद्दल बोला.

तुमची
भाची

---

११ जानेवारी

काटेबाई,

तुझं पत्र मामीनं आधी वाचलं आणि म्हणाली, "ही पोरगी नवरा बघतानाही काट्यावर घालेल." मी म्हटलं, बरंच आहे, निदान फसणार तरी नाही.

हजाराचं बांधू नकोस. त्याचे सिलिंडर मीच दोनदा घासून दिलेत, आता तिथे धातू कमी आणि आशा जास्त. सोळाशे म्हणजे तुझ्या गाडीच्या नाकावर छत्तीस किलो ओझं. सरळ रस्त्यावर मजा वाटेल, पण वळणात गाडी ऐकायची नाही. शिवाय ताकद वाढली की गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, ब्रेक, रेडिएटर सगळेच रुसून बसतात. एकाची समजूत काढावी तर दुसरा. तेराशे सुखाचं. त्याच बैठकीवर बसतं, वायरिंगही जवळपास तेच. माझं मत तेराशेला.

पण तुझा जीव जडलाय म्हणतेस, आणि जडलेल्या जिवाला सल्ला देणारा मूर्ख. तेव्हा निदान ऐकून घे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकव, मूठ कानाच्या हाडावर दाब. वर, मध्ये, खाली, तीन जागी. जे ऐकू येईल ते जसंच्या तसं लिहून पाठव. मी हल्ली मूठ लावली की नुसती थंड लागते, म्हणून तुझ्या कानानं ऐकतो. इंजिनाचा नंबरही कळव, कुठल्या सालातलं ते समजेल.

गाडी हळू चालव असं मी सांगणार नाही. सांगून कोण ऐकतं.

मामा

---

१९ जानेवारी

मामा,

ऐकलं. भंगारवाल्यानं ते दोन लोखंडी घोड्यांवर ठेवून बॅटरी लावून दिलं. पहिल्या झटक्याला सुरू झालं. वर टिकटिक सगळीकडे सारखी. मध्ये काही नाही. खाली क्रँकपाशी मूठ दाबली तर नुसती घोंघों, झोपलेल्या माणसाच्या छातीला कान लावल्यासारखी. खडखड नाही, ठोका नाही.

एकच गोष्ट विचित्र. इंजिन बंद केलं, मूठ कानापासून काढली, तरी ती घोंघों माझ्या कानात होती. पाच-सहा मिनिटं. भंगारवाला काहीतरी बोलत होता आणि मला त्याचे नुसते ओठ दिसत होते. म्हटलं, आता मामांच्या पंक्तीला बसले. मग आपोआप गेली.

नंबरचे शेवटचे आकडे ४४१७. वरचं झाकण कुणीतरी हातानं हिरवं रंगवलंय, रंगात ब्रशचे केस तसेच चिकटलेत. कुठल्या तरी फुटलेल्या गाडीतून आलंय म्हणे, मागून ठोकलेल्या, त्यामुळे पुढे काही धक्का नाही.

आता हो म्हणा.

भाची

---

२४ जानेवारी

काटेबाई,

ते इंजिन घेऊ नकोस.

त्या सालातल्या सोळाशेचा क्रँक कच्चा असतो. गरम पण फार होतं. तेराशे घे, मी इथल्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला सांगून चांगलं बघून पाठवतो, बसवायला माणूसही पाठवतो. तू फक्त हो म्हण.

मामी विचारत होती पत्रात काय आहे. मी म्हटलं, वजनं.

मामा

---

१२ फेब्रुवारी

मामा,

रागावू नका, इंजिन बसवलंय. तुमचं पत्र आलं तेव्हा बैठका वेल्ड करून झाल्या होत्या. आणि खरं सांगू? तुमची कारणं मला पटली नाहीत. क्रँक कच्चा म्हणे. दहा वर्षांपूर्वी तुम्हीच आम्हाला समोर बसवून सांगत होतात की सोळाशेचा क्रँक हत्ती बांधला तरी वाकायचा नाही. तुमचं खरं कारण मला कळतं. दादा जाऊन पाच वर्षं झाली, पण तुमचा पोटचा पोर होता तो, तुम्हाला अजून भीती वाटते. वाटणारच. पण मी दादा नाही, आणि भीतीचं नाव क्रँक ठेवू नका.

गाडी मस्त झालीय. नाकातलं ओझं कमी करायला बॅटरी मागे नेली, पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. फेरीमागे तीन सेकंद वाचतात.

पण एक भानगड आहे, तुम्हीच सोडवाल. ट्रॅकवर सरळ पट्टा संपला की एक लांब डावं वळण लागतं, तेच, जिथे दादा गेला. त्या वळणाच्या बरोब्बर मध्यावर, टायरच्या सातव्या ढिगापाशी, इंजिन एकदम उतरतं. माझा पाय पूर्ण खाली, आणि आवाज मात्र गपकन बसतो. अर्धा सेकंद, मग पुन्हा येतो. दर फेरीला. तिथेच. पेट्रोलचा पंप बदलला, केबल बदलली, वायरी एक-एक तपासल्या. काही नाही. आमचा वेल्डर चालवतो तेव्हा होत नाही. तो म्हणतो, "बाई, तुमच्यावर खार खाऊन आहे ते."

अशा वळणात मध्येच ताकद गेली तर गाडीचं ढुंगण फिरतं हे तुम्हाला सांगायला नको. दोनदा फिरता फिरता वाचलंय. शर्यतीला महिना आहे. काय असेल?

भाची

---

१६ फेब्रुवारी

मामा,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय.

काल वेल्डरनं पॅडलच्या वर छोटा कॅमेरा बसवला. केबल कुठे अडकते का ते बघायला. दहा फेऱ्या मारल्या, दहाही वेळा इंजिन तिथेच उतरलं. मग आम्ही दोघांनी गॅरेजमध्ये बाकावर बसून ते पाहिलं.

इंजिन उतरत नाही, मामा. माझा पाय उठतो.

वळण अर्धं झालं की बूट पॅडलवरून वर येतो, चांगला चार बोटं. तसाच हवेत थांबतो. मग खाली जातो. मी तो उचललेला नाही. देवाशपथ सांगते, मला पायाखाली पॅडल तळाला टेकलेलं लागत होतं, दहाही वेळा. वेल्डर आधी हसला, मग माझ्याकडे बघून त्यानं तीच फेरी पुन्हा लावली. आज कामावर एक काटा तपासताना मी अर्धा तास माझ्या उजव्या पायाकडेच बघत होते.

मला भीती वाटतेय. हे मी फक्त तुम्हाला सांगतेय, आईला कळवू नका.

भाची

---

२१ फेब्रुवारी

बाळ,

कोंबडं कितीही झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. हे पत्र पुरतं वाच, मधेच टाकू नकोस.

४४१७ हे दादाचं इंजिन आहे. झाकण त्यानंच रंगवलं होतं, जुन्या ब्रशनं, मी ओरडलो होतो. तुझ्या पत्रात आकडे वाचले तेव्हाच मला कळलं. त्याची फुटलेली गाडी मी लांबच्या भंगारवाल्याला दिली होती, न उघडता. ते फिरत फिरत तुझ्यापर्यंत यावं याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही.

आता मी काय केलं ते ऐक. इंजिन बांधताना आतल्या तेलाच्या भोकांत कचरा जाऊ नये म्हणून मी फडक्याचे बोळे कोंबतो. एका जुन्या कापडाचे बारा तुकडे करायचे, आणि इंजिन बंद करण्याआधी बारा मोजून बाहेर काढायचे. चाळीस वर्षं असंच करत आलो. दादाचं इंजिन मी गुरुवारी, चार मार्चला बंद केलं आणि तो गाडी घेऊन गेला. शुक्रवारी सकाळी टेबल आवरताना मोजले. अकरा.

फोन समोर होता. मी केला नाही. चाळीस वर्षांचा मिस्त्री, स्वतःच्या मुलाला कसं सांगू की तुझ्या इंजिनात मी चिंधी विसरलो? म्हटलं, एवढ्याशानं काय होतंय, शर्यत झाली की गुपचूप खालचं तेलाचं चेंबर उघडून काढून घेईन. झाकली मूठ. रविवारी तो गेला. वळणापाशी उभे असलेले सगळे म्हणाले, आवाज एकदम बसला आणि गाडी फिरून मागच्या अंगानं भिंतीवर गेली. मला कळायचं ते कळलं. ते फडकं तेल ओढणाऱ्या जाळीवर बसलं असणार. लांब वळणात तेल तुटलं, इंजिन जाम झालं, चाकं धरली. मी मारलं त्याला.

मामीला हे माहीत नाही. कुणालाच नाही.

तुझा पाय कोण उचलतंय हे मला विचारू नकोस. मला वाटतं तो तुला थांबवतोय. फडकं अजून आत आहे. गाडी चालवू नकोस. खालचं चेंबर उघड. आतल्या भिंतीवर खिळ्यानं कोरलेली माझी तारीख दिसेल, ४ मार्च. इंजिन बांधलं की मी आत तारीख कोरतो, दादालाही तेच शिकवलं होतं. ती दिसली की समज, तेच इंजिन. मग फडकं काढ आणि मला काय म्हणायचं ते म्हण. ऐकून घेईन.

मामा

---

१ मार्च

मामा,

आठ दिवस लागले लिहायला. आधी उघडायचा धीर झाला नाही, मग लिहायचा.

काल वेल्डर आणि मी गाडी वर घेतली, तेल सोडलं, चेंबर उतरवलं. फडकं नाही. जाळी स्वच्छ. बॅटरीच्या उजेडात इंच न् इंच बघितलं, भोकांत तार घालून बघितलं. दोरासुद्धा नाही.

आत तुमची तारीख आहे. ४ मार्च. आणि तिच्या खाली दुसरी आहे. ६ मार्च. सहाच्या शेपटीला दादा गोल गाठ द्यायचा तशी गाठ दिलेली.

म्हणजे शनिवारी त्यानं स्वतः चेंबर उघडलं होतं. फडकं त्यानंच काढलं, मामा. शर्यतीच्या आदल्या दिवशी. आम्ही क्रँकचे बेअरिंगही उघडून पाहिले. एक ओरखडा नाही. इंजिन जाम झालं असतं तर ते सोलून निघाले असते. मी सगळ्यांची मापं घेतली, तीन-तीनदा. हे इंजिन आयुष्यात कधी जाम झालेलंच नाही.

तुम्ही मारलं नाही त्याला. पाच वर्षं फुकट जळलात. हे वाचून निदान आज तरी पोटभर जेवा.

मला वाटलं होतं, आता सगळं मिटलं. सगळं साफ करून बंद केलं, खाली माझी तारीख कोरली आणि आज सकाळी ट्रॅकवर गेले. सात फेऱ्या. व्हिडिओत पाय सात वेळा उठला. सातव्यांदा गाडी पूर्ण फिरली आणि भिंतीपासून हातभर अंतरावर उलट्या तोंडानं थांबली. मी आत बसून होते. इंजिन चालू होतं, शांत, आणि बूट हवेत होता. मी खाली बघत होते तरी तो खाली येईना. मी हातानं दाबला.

वेल्डर म्हणतो, शर्यत सोडा. मी सोडणार नाही. सोडली तर पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावेन असं वाटत नाही.

एक विचारू? दादाला फडकं सापडलं, तर त्यानं तुम्हाला सांगितलं कसं नाही? तो तर साधा बोल्ट तुटला तरी फोन करायचा.

भाची

---

५ मार्च

बाळ,

तुझं पत्र वाचून मी जेवलो नाही.

तू मापं घेतलीस, पण मिस्त्री मी आहे. इंजिन जाम झालं नाही, तरी आवाज बसला आणि गाडी उलटी फिरली. असं एकाच कारणानं होतं. वळणाच्या मध्यावर त्यानं पाय उचलला. नवशिक्यालासुद्धा सांगतात, तिथे पाय उचलायचा नाही. आणि माझा पोरगा नवशिका नव्हता.

तू विचारलंस, त्यानं सांगितलं कसं नाही. मागच्या पत्रात मी म्हटलं की मी फोन केला नाही. ते खरं होतं. पण शनिवारी संध्याकाळी त्याचाच फोन आला होता. मी तेव्हा चांगला ऐकत होतो. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "बाबा, इंजिनाचं काही सांगायचं राहिलंय का?" मी म्हटलं, "काही नाही. निर्धास्त चालव." पुन्हा म्हणाला, "नक्की ना?" मी म्हटलं, "अरे, मी बांधलंय ते."

मला तेव्हा वाटलं, शर्यतीच्या आदल्या दिवशीची धाकधूक, दुसरं काय. आज तू लिहिलंस की तारीख सहाची आहे. म्हणजे त्यानं विचारलं तेव्हा फडकं त्याच्या हातात होतं.

तो मला पकडायला विचारत नव्हता, एवढं मी त्याला ओळखतो. मी सांगावं म्हणून विचारत होता. मी एकदा "हो रे, चुकलो" म्हटलं असतं तर हसला असता, वर्षभर चिडवत बसला असता. मी खोटं बोललो, आणि ते खोटं आहे हे त्याला दिसत होतं. मग दुसऱ्या दिवशी त्या वळणात, पूर्ण वेगात, त्याच्या मनात आलं असेल: बाबांनी अजून काय काय सांगितलं नाही? तेवढ्यात पाय उठला.

मी मारलं नाही असं तू लिहिलंस. नाही कसं?

आज मामीला सगळं सांगितलं. पाटीवर लिहून विचारत होती, मी उत्तरं देत होतो. शेवटी पाटी ठेवून आत गेली. अजून बाहेर आली नाही.

तुला काय सांगू? तुझ्या गाडीत ते इंजिन सोडलं तर माझं काही नाही, आणि त्याचं सगळं सांगून झालं. आता माझ्यापाशी काहीच उरलेलं नाही. पत्र इथेच संपवतो.

मामा

---

१० मार्च

मामा,

मला तुमचा राग आलाय. जाईल की नाही, माहीत नाही. हे आधी लिहून टाकते, कारण लपवून काय होतं ते आपण बघितलं.

तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की ते मला लिहिलेलंच नाही. आज दुपारी गाडी ट्रॅकवर नेली, त्या वळणात सातव्या ढिगापाशी उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं. "बाळ"पासून "मामा"पर्यंत. वेल्डर कुंपणापाशी उभा होता, त्याला वाटलं बाईचं डोकं फिरलं. वाटू दे. "अरे, मी बांधलंय ते" इथे आले तेव्हा इंजिनाचा आवाज थोडा वाढला. पाय माझा पॅडलवर नव्हता, दोन्ही पाय मी मांडी घालून सीटवर घेतले होते. मी वाचत राहिले. संपल्यावर आवाज हळूहळू खाली आला.

मग हेल्मेट घातलं आणि निघाले. पंधरा फेऱ्या मारल्या. पहिल्या चार घाबरत, पुढच्या जीव खाऊन. आत्ताच व्हिडिओ बघून आले. पाय एकदाही उठला नाही.

सोळाव्या फेरीला मात्र उठला. तो मीच उचलला, वळण सुटल्यावर, सरळ पट्ट्यावर, कारण मला पुढचं काही दिसेना. गाडी कडेला घेतली आणि पोटभर रडले. मामा, मला त्या गाडीत एकटं वाटलं. ते इंजिन बसवल्यापासून पहिल्यांदाच.

रविवारी शर्यत दहाला आहे. मामीला घेऊन या. ती आली नाही तर तुम्ही एकटे या. ऐकू येणार नाही म्हणून काही बिघडत नाही, वळणाजवळ कुंपणाला हात लावून उभे राहा, गाड्या गेल्या की तारा थरथरतात. आणि निघायच्या आधी मी तुम्हाला पाटीवर लिहून विचारणार आहे, "मामा, काही सांगायचं राहिलंय का?" काहीतरी सांगा. काहीही चालेल.

भाची